भोंगा, गोगलगाय आणि जिन्यावरचा प्रसंग

मावशींना सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्यांनी मुलाखतीला बसल्या बसल्याच सांगून टाकलं. समोरचे दिग्दर्शक हसले. म्हणाले, "सिनेमातलं कळणारी माणसं माझ्याकडे पोत्यानं पडली आहेत, मावशी. मला मुलांतलं कळणारं माणूस हवंय."

मुलांतलं मात्र त्यांना कळत होतं. त्यांचं उभं आयुष्य बालवाडीत गेलं होतं. वस्तीतली तरुण जोडपी एकेक करून दुसरीकडे राहायला गेली, मुलं कमी कमी होत गेली आणि एक दिवस बालवाडीला कुलूप लागलं. त्यानंतर मावशी घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, एकच फडताळ दिवसातून चारदा पुसायच्या आणि लेकीने भांडं कुठे ठेवलं की तिथून उचलून दुसरीकडे ठेवायच्या. शेवटी लेकच कंटाळली. "आई, घरात बसून तू माझ्या डोक्यावर मिरे वाटतेस," ती म्हणाली. "एका सिनेमावाल्यांना मुलं सांभाळायला बाई हवी आहे. जा बघू!" मावशी गेल्या, आणि चिकटल्या.

सिनेमा युद्धाच्या काळातला होता. एका शहरात काही घरांच्या दारांवर पांढरी खूण करतात. खूण असलेल्या घरातल्या माणसांशी कुणी बोलायचं नाही, त्यांना दुकानातून काही द्यायचं नाही, आणि मग एक दिवस त्यांना घरातून काढून गाड्यांत भरून नेतात. अशा एका इमारतीत एकाच जिन्यावर खेळणारी दोन मुलं असतात. मुलीच्या दारावर खूण असते, मुलाच्या दारावर नसते. सगळा सिनेमा या दोघांचा होता.

शूटिंग साबणाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात चालायचं. यंत्रं कधीच भंगारात गेली होती, पण भिंतींना साबणाचा वास अजून होता. मधल्या मोठ्या शेडमध्ये सुतारांनी त्या इमारतीचा जिना उभा केला होता: लाकडी कठडा, रंग उडालेल्या भिंती, दोन मजल्यांची दारं. दुसऱ्या मजल्यानंतर जिना तसाच हवेत संपायचा. मुलांनी पहिल्याच दिवशी वर जाऊन पाहिलं आणि येऊन सांगितलं, "मावशी, हा जिना कुठेच जात नाही!"

मुलाला सगळे भोंगा म्हणत. नऊ वर्षांचा जीव, पण आवाज असा की तो गुपित सांगायला लागला की छपरावरची कबुतरं उडायची. मुलगी त्याच्याहून जराशी लहान. ती गोगलगाय. एक बिस्किट खायला तिला सकाळ पुरायची नाही. बुटाची नाडी बांधताना मध्येच थांबून ती नाडीकडेच बघत बसायची. सुरुवातीला दोघांचं मुळीच पटलं नाही. भोंगा म्हणायचा, "ही चालू होते का नाही?" आणि गोगलगाय कानांवर हात ठेवून दुसरीकडे बघायची. पण सेटवर मुलांच्या वाट्याला काम थोडं आणि वाट बघणं फार. दिवे लावायचे असतात, कॅमेरा हलवायचा असतो, कुणाची तरी मिशी सुटलेली असते. त्या रिकाम्या वेळात दोघांनी जिन्यावर चेंडूचा एक खेळ काढला. त्याचे नियम रोज बदलायचे आणि भांडणं रोज व्हायची. एक नियम मात्र पक्का होता: मूठ वळून "टॅम्प्लीज" म्हटलं की कुणी कुणाला आऊट करायचं नाही. पंधरवडा झाला नाही तोच दोघं अशी एकत्र झाली की एकाला जेवायला बोलावलं तर दोघं यायची.

मावशींना वाटलं, चला, आपलं काम झालं. सिनेमाची गोष्ट मुलांना सांगायची नाही, हे त्यांचं आणि दिग्दर्शकांचं आधीच ठरलं होतं. एवढ्याशा जिवांना युद्ध, छळ, गाड्या हे सगळं कशाला? रोज त्या दिवसापुरती वाक्यं पाठ करून घ्यायची आणि बस्स. एकदा गोगलगायने दारावरच्या पांढऱ्या खुणेवरून बोट फिरवत विचारलं, "हे काय आहे?" तेव्हा मावशींनी सांगून टाकलं, "सुतारकाका रंग द्यायला विसरले गं." आणि आपण किती छान सांभाळून नेलं, असंही त्यांना वाटलं.

मग जिन्यावरचा तो प्रसंग आला.

मुलीच्या घरच्यांना खाली नेतात. जिन्यावर शिपाई उभे असतात, दारादारांतून शेजारी बघत असतात. मुलगी मुलाच्या पायरीपाशी थांबते, कारण तिचा चेंडू त्याच्याकडे असतो. शिपाई मुलाला विचारतो, "ही तुझी कोण?" आणि मुलगा ओरडतो, "मी हिला ओळखत नाही!" तो चेंडू फेकून देतो आणि तिला ढकलतो.

गणवेश घातलेली पन्नासेक माणसं सकाळपासून उभी होती. दिवे तापले होते. शिपाई झालेल्या नटाने दरडावून विचारलं, "ही तुझी कोण?"

भोंगा म्हणाला, "मी हिला ओळखत नाही." इतक्या हळू म्हणाला की शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

"पुन्हा," दिग्दर्शक म्हणाले.

पुन्हा तेच. त्याच्यापुढच्या वेळी वाक्य तोंडातल्या तोंडात विरलं. मग तो नुसता उभाच राहिला. ढकलायची वेळ आली की त्याचा हात गोगलगायच्या खांद्याला असा लागायचा, जणू तिच्या कोटावरची धूळ झटकतोय. दिग्दर्शकांनी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी ते डोकं धरून बसले. छपरावरची कबुतरं उडवणारा भोंगा, आणि नेमका आजच त्याचा आवाज बसला होता.

"जेवणाची सुट्टी," दिग्दर्शक म्हणाले आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

मावशी मुलांसाठी सूप आणायला गेल्या. वाट्या घेऊन परत आल्या तर मुलांच्या खोलीत गोगलगाय एकटीच होती आणि सिनेमाचे बूट काढत होती. भराभर काढत होती. या पोरीचे हात इतके झपाट्याने चाललेले मावशींनी कधी पाहिले नव्हते.

"काय झालं गं?"

"मी घरी जाते. भोंग्याला माझा कंटाळा आलाय. दुसरी मुलगी आणा म्हणाला."

"तुला तो असं म्हणाला?"

"मला नाही. वॉकीटॉकीकाकांना म्हणाला. त्यांनी मला सांगितलं."

वॉकीटॉकीकाका म्हणजे दिग्दर्शकांचा सहायक, हातातलं यंत्र कधी खाली न ठेवणारा तरुण. मावशींनी वाट्या तिथेच ठेवल्या आणि भोंग्याला शोधलं. तो कपड्यांच्या खोलीत एका खोक्याला लाथा घालत होता. चेहरा लालबुंद. "ती म्हणते मला काही येत नाही!" तो गरजला. आवाज परत आला होता. "माझ्यामुळे सगळ्यांना उशीर होतो म्हणते! मी नाही बोलणार तिच्याशी!"

मावशींना सगळा उलगडा झाला. त्या तडक दिग्दर्शकांच्या खोलीत शिरल्या. तिथे सहायकही होता.

"मुलांना काय सांगितलंत तुम्ही?"

सहायक गडबडला. "मावशी, आमच्या धंद्यात असंच करतात. रागावला की मुलगा बरोबर ओरडेल. एकदा शॉट झाला की चॉकलेट देऊ, मिटवून टाकू."

नोकरी गेली तर पुन्हा ते फडताळ आणि ते फडकं, हे मावशींच्या मनात येऊन गेलं. पण तोंड थांबलं नाही. त्या दिग्दर्शकांकडे वळल्या. "सर, तुम्हाला माहीत होतं हे?"

दिग्दर्शकांनी खाली पाहिलं. "मी हो म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाहीही म्हणालो नव्हतो."

"तुमचा सिनेमा कशावर आहे हो? मोठ्या माणसांनी दोन पोरांच्या कानात एकमेकांबद्दल विष ओतलं, त्यावरच ना? मग तेच इथे करून त्याचं चित्र काढायचं? मी आहे तोवर ही दोघं अशी भांडलेली कॅमेऱ्यापुढे जाणार नाहीत. मला काढून टाका आणि मग न्या."

बाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिचा करकर आवाज येत राहिला. दिग्दर्शक म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मग मी करू काय, मावशी? पोरगं बोलतच नाही."

"ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. आणि खरंच माहीत नव्हतं.

आधी झालेलं निस्तरायला हवं होतं. दोन्ही मुलांना जिन्यावर आणलं. दोघं कठड्याच्या दोन टोकांना चिकटून बसली. सहायक त्यांच्यासमोर खालच्या पायरीवर टेकला. यंत्र त्याने पहिल्यांदाच बाजूला ठेवलं. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तो तसं म्हणाला नव्हता आणि तीही तसं म्हणाली नव्हती. मीच बनवलं. चुकलो."

"मोठी माणसंपण?" गोगलगायने विचारलं.

"मोठी माणसंच जास्त," मावशी म्हणाल्या.

भोंगा सरकत सरकत मधल्या पायरीपर्यंत आला. मग एकदम म्हणाला, "पण तो मुलगा असं का म्हणतो? ती तर त्याची मैत्रीण आहे ना? मला ते वाक्यच कळत नाही. म्हणून ते बाहेर येत नाही."

मावशींनी तोंड उघडलं. सुतारकाकांसारखं काहीतरी पुन्हा जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आपण पोरांना खेळात ठेवलं खरं, पण ज्या घरात त्यांना रोज नेऊन उभं करत होतो त्या घराची ओळखच करून दिली नाही, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी दिग्दर्शकांकडे पाहिलं. "सर, सांगा त्यांना. सगळं नको, पण खरं सांगा."

दिग्दर्शक पायरीवर बसले. त्यांनी सांगितलं ते त्यांच्या आजीचं होतं. आजी तेव्हा गोगलगायएवढी होती. तिच्या दारावर अशीच खूण केली होती. कुणी चुकीचं वागलं म्हणून नव्हे. काही लोकांनी ठरवलं होतं की ही माणसं नकोत, आणि बाकीचे गप्प बसले. खालच्या मजल्यावर तिचा मित्र राहायचा. तिला नेलं त्या दिवशी तो जिन्यावर उभा होता आणि सगळ्यांसमोर म्हणाला की मी हिला ओळखत नाही. पुढे ती कशीबशी निसटली आणि कुण्या अनोळखी बाईने तिला आपल्या घरात ठेवून घेतलं, म्हणून ती जगली. तो मित्र तिला पुन्हा कधी भेटला नाही.

"आजी आहे अजून?" भोंग्याने विचारलं.

"आहे. चांगली खणखणीत आहे. फक्त ऐकू येत नाही."

गोगलगाय विचार करत होती, आणि तिच्या विचाराला वेळ लागतो हे आता सगळ्यांना माहीत होतं. "तो घाबरला असेल," ती शेवटी म्हणाली.

"मी नसतो घाबरलो!"

"तू पालीला घाबरतोस."

भोंगा मान खाली घालून म्हणाला, "पण मी जोरात ओरडलो आणि तुला खरं वाटलं तर?"

म्हणजे गाठ इथे होती. काही सुचवावं असं मावशींना फार वाटलं, पण त्यांनी ते पोरांवरच सोडलं.

"मी टॅम्प्लीज करीन," गोगलगाय म्हणाली. "कोटाच्या खिशात. मूठ कुणाला दिसणार नाही, पण तुला माहीत असेल. टॅम्प्लीज असलं की काही लागत नाही."

"ढकललं तरी?"

"ढकललं तरी. पण चेंडू जपून फेक, माझा आहे."

दिवे पुन्हा लागले. गणवेशातली माणसं उभी राहिली, दारादारांत शेजारी आले. जिन्याखाली गादी अंथरली. गोगलगाय वरून उतरत आली आणि भोंग्याच्या पायरीपाशी थांबली. तिचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

"ही तुझी कोण?"

"मी हिला ओळखत नाही!"

तो आवाज शेडच्या पत्र्यावर आपटून परत आला. छपरातली सगळी कबुतरं एकदम उडाली. भोंग्याने चेंडू भिरकावला आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. गोगलगाय दोन पायऱ्या खाली धडपडली, कठड्याला धरून सावरली. तिने रडावं असं पटकथेत लिहिलं होतं. ती रडली नाही. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग चेंडू आणायला निघाली. आपल्या चालीने निघाली. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी पायरी. सगळे शिपाई, सगळे शेजारी ती उतरेपर्यंत ताटकळत उभे राहिले. चेंडू एका शिपायाच्या बुटापाशी पडला होता. तिने वर पाहिलं, तेव्हा त्या माणसाने न सांगता पाय बाजूला घेतला. तिने चेंडू उचलला, बाहीने पुसला आणि दाराबाहेर गेली. जिन्यावर भोंगा उभा होता, तोंड उघडं, हात तसेच पुढे.

दिग्दर्शक थांबा म्हणायचंच विसरले. कॅमेरा चालू राहिला. शेवटी दिवेवाल्याने नाक ओढलं, तेव्हा कुठे ते भानावर आले.

भोंगा धावत सुटला तो थेट दाराबाहेर. हुंदके देत म्हणाला, "लागलं का? लागलं का गं?"

"किती ओरडतोस! कान फुटले माझे," गोगलगाय म्हणाली, आणि खिशातली मूठ काढून दाखवली.

मग जो जल्लोष झाला तो त्या कारखान्याने यंत्रं चालू असतानाही ऐकला नसेल. गणवेशातली माणसं, खूण असलेल्या दारांतली माणसं, सुतार, दिवेवाले, सगळे टाळ्या पिटत होते. कुणीतरी चेंडू मागितला. बघता बघता शिपायांचा एक आणि शेजाऱ्यांचा एक असे दोन संघ पडले आणि जिन्यावर सामना सुरू झाला. दिग्दर्शक पहिल्याच झटक्यात आऊट झाले. मावशी पंच होत्या, आणि पंच म्हणून त्यांनी उघड उघड पक्षपात केला.

सिनेमा पूर्ण झाला. पहिला खेळ होता तेव्हा मोठं चित्रपटगृह खचाखच भरलं होतं. पुढच्या रांगांत शाळेची मुलं होती. जिन्यावरच्या खेळाची भांडणं पाहून ती खदखदून हसली, आणि तो प्रसंग आला तेव्हा अशी चिडीचूप झाली की कुणाच्या तरी हातातली कागदी पिशवी कुरकुरली तर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मावशी लेकीच्या शेजारी बसल्या होत्या. लेकीने अंधारात त्यांचा हात धरला तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

बाहेरच्या दालनात दिग्दर्शकांची आजी खुर्चीवर बसली होती. पाठ ताठ, काठी गुडघ्यांवर आडवी, कानातलं यंत्र मधूनमधून शिट्टी मारत होतं. लोक येऊन तिला नमस्कार करत होते. भोंगा मात्र मावशींच्या पाठीमागे लपला. "ती माझ्यावर रागावली असेल," तो म्हणाला.

"जाऊन विचार की. वाघ आहे का ती?"

तो गेला. आजीपुढे उभा राहिला आणि पुटपुटला, "आजी, ते खोटं होतं."

"काय?" आजीने कान पुढे केला.

"मी... मी तिला ओळखतो."

"अरे, मोठ्याने बोल! काय म्हणतोस?"

भोंग्याने छाती भरून श्वास घेतला. "मी तिला ओळखतो!"

दालनातली सगळी बोलणी थांबली. जिन्यावरून उतरणारे लोक होते तिथेच उभे राहिले. आजी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. दात नसलेलं, तोंडभर, लहान मुलीचं हसू होतं ते. तिने त्याचा कान धरून त्याला जवळ ओढलं. "हे असं बोलायचं असतं रे, माणसानं! चारचौघांत आणि ओरडून," ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "आणि ती कुठे आहे? माझं काम करणारी?"

गोगलगाय अजून आत कोटाची बटणं लावत होती. ती येईपर्यंत आजी थांबली, आणि आजीसाठी सगळं दालन थांबलं.

त्यानंतर मावशींना फडताळ पुसायला वेळ मिळाला नाही. जिथे मुलं असतील तिथून बोलावणं यायचं. त्यांची अट एकच असायची: सेटवर मुलांशी कुणी खोटं बोलणार नाही, आणि गोष्ट काय आहे ते मुलांना आधी सांगायचं. काही जणांना ते पटायचं नाही. ते दुसरी बाई बघायचे. पण पटणारे वाढत गेले.

काही वर्षांनी त्या सहायकाचाच फोन आला. तो आता स्वतः सिनेमा काढत होता. युद्धात एका तळघरात लपलेल्या मुलांचा. "मावशी, तुमच्याशिवाय मी सुरू करणार नाही," तो म्हणाला. मावशींनी त्याला दोन दिवस उगाच ताटकळत ठेवलं आणि मग गेल्या.

पहिल्या सकाळी त्यांनी सगळ्या पोरांना बूट काढायला लावले आणि सतरंजीवर गोल करून बसवलं. गोष्ट सांगितली. का लपावं लागलं ते सांगितलं, लपवणारी माणसं कोण होती तेही सांगितलं. मुलं ऐकत होती. एकाने विचारलं, "मग सगळे सुटतात का?"

"सगळे नाही," मावशी म्हणाल्या. "पण काही सुटतात."

सगळ्यात धाकटी, पुढचे दोन दात पडलेली, गुडघ्यांवर उभी राहिली. "मी सुटणाऱ्यांतली!"

"मीपण!" दुसरा ओरडला. मग तिसरा, चौथी, आणि एकच गलका उठला. जो तो सुटणाऱ्यांतला होता, आणि शेजारच्यालाही ओढून आपल्यात घेत होता. दारात नवा दिग्दर्शक पटकथेची पानं हातात धरून उभा होता. त्याने मावशींकडे पाहिलं. मावशींनी हातानेच त्याला थोपवलं, "थांब जरा," आणि पोरांना मनसोक्त ओरडू दिलं.